डावीकडं

एकतीस मेला कंटेनर दवाखान्यात जमा केला, सही केली.
नायट्रोजनची पातळी पट्टी घालून दाखवली, अकरा सेंटिमीटर.
नव्या पोरानं वहीत बारा लिहिली. मी काही बोललो नाही.
आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात
गाडी ओढायला लागली.

विसापूरच्या वळणावर वाटलं, वारा असेल.
मग मणेराजुरीच्या अलीकडं, सरळ रस्त्यावर,
दोन्ही अंगांना द्राक्षाच्या तारा, समोर कुणी नाही,
तरी हँडल आपलं डावीकडं, डावीकडं,
गोठ्याची वाट ओळखणाऱ्या म्हशीसारखं.

दस्तगीर मिस्त्रीनं हवा बघितली. हवा बरोबर.
कोनसेट बदलला.
मागचं चाक दोरी लावून ओळीत आणलं
(दोरी माझीच, अडलेली वासरं ओढायची).
स्विंगआर्मचे बुश गेले होते, तेही नवे घातले.
चाळीसच्या पुढची थरथर गेली.
ओढ गेली नाही.

"चिमटा वाकलाय," मिस्त्री म्हणाला.
काचेवर ठेवून नळी फिरवली.
खालून उजेडाची एक बारीक फट
उघडायची, मिटायची.
अंजनीच्या ओढ्यात पडलो होतो, सोळा साली, रात्री दीडला,
एक जर्सी अडली होती.
गाय वाचली. मी विसरलो.
नळीनं ध्यानात ठेवलं.

मग कुपवाडच्या भंगारातून एक जाड चिमटा आला,
दुसऱ्याच कंपनीचा.
त्याच्याबरोबर त्याची टी, त्याचा एक्सल, त्याची खोडं.
लेथवर स्पेसर कातला, तो अर्धा मिलीमीटर कमी भरला,
तो यासीननं अंगठी म्हणून बोटात घातला,
दुसरा बसला.
मीटरची केबल मात्र कुठंच बसेना. काटा शून्यावर.
"रिटायर माणसाला स्पीड कशाला?"

तेल मोजायला माप सापडेना.
माझ्या पिशवीत पन्नास मिलीची सिरिंज निघाली.
तीनदा भरून, चौथ्यांदा वीस.
एका पायात, मग दुसऱ्या पायात.
माझा हात आपोआप नळीवरनं खाली गेला,
शीर शोधत.

आधी मिस्त्री घेऊन गेला, तुरची फाट्यापर्यंत.
आला तो दोन्ही हात सोडून,
गाडी रुळावरनं यावी तशी.
मी बसलो.
शंभर फुटांत डावीकडं.

"परत जावा. परत या. माझ्याकडं बघू नका."
तो रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसून बघत राहिला,
मागनं एक ऊसवाला ट्रॅक्टर रिकामाच, हॉर्न वाजवत.
मग उठला, हात पुसले.
"डॉक्टर, (मी डॉक्टर नाही, पण तालुका म्हणतो)
ते तुमचं थंडीचं भांडं कुठंय?"
जमा केलं.
"कुठल्या अंगाला असायचं?"
उजव्या.
"किती वर्षं?"
अठ्ठावीस.
"मग गाडी न्हाई वो.
तुम्हीच वढताय."

चिमट्याचे पैसे त्यानं निम्मेच घेतले.
वाकला होताच की तो, म्हणालो. तरीही.
जळक्या तेलाचा सात लिटरचा डबा काढला,
उजव्या हुकाला अडकवला. हूक अजून होता.
"दर जुम्म्याला एक लिटर कमी करायचं.
एकदम सोडू नका."
वासराला दुधावरनं काढतात तसं, मी म्हणालो.
त्याला ते माहीत नव्हतं, त्यानं मान हलवली.

आज चौथा जुम्मा. तीन लिटर राहिलंय.
गाडी जवळजवळ सरळ जाते,
विसापूरला थोडी आठवण काढते.

सावळजच्या बांधावरनं तानाक्का हात करत धावत आली,
पदर खोचलेला, "डॉक्टर! म्हैस माजावर आलीया!"
तिला डबा दिसला होता.
थांबलो. झाकण काढून दाखवलं.
तिनं वास घेतला, तोंड वाकडं केलं, हसली.
नव्या पोराचा नंबर दिला.
"मग च्या तरी घ्या."
गाडी साइडस्टँडवर लावली.
तिथं ती डावीकडं झुकते,
तेवढी झुकू दिली.